सुखन्याचा गाळ आणि सुखोमाजरीचे पाणी

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर. वेळेअभावी बोलायचे राहिलेले काही तपशील लिहिताना जोडले आहेत.)



समितीने मला विषय दिला ‘निसर्गसंपत्ती आणि सहकार्य’. विषय ऐकून मी थोडा घाबरलो. मी काही प्राध्यापक नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. माझे काम रुळांचे, खडीचे, मोऱ्यांचे आणि लहान-मोठ्या पुलांचे. तेव्हा मी आज विषय थोडा लहान करून घेतो. आपण सगळे ज्या सुखना तलावावर संध्याकाळी फिरायला जातो, पाहुणे आले की त्यांना बोटीत बसवतो, त्या तलावाच्या गाळाबद्दल मी बोलणार आहे. गाळ हा गणपतीपुढे बोलायचा विषय आहे का, असे कोणी म्हणेल. पण आपला बाप्पाही मातीचाच असतो, आणि त्या मातीवरूनच पुढची सगळी गोष्ट घडली आहे.

रेल्वेतल्या माणसाला गाळ ओळखीचा असतो. दरवर्षी पावसाळ्याआधी आम्ही मोऱ्या साफ करतो. कालका बाजूच्या ओढ्यांना इथे ‘चो’ म्हणतात. आठ-नऊ महिने कोरडे, वाळूचे पट्टे. पण शिवालिकच्या डोंगरात तासभर पाऊस झाला की तोच चो तांबडे पाणी घेऊन असा येतो की पुलाखालून गाडी जावी तसा आवाज होतो. रात्री पेट्रोलिंगला माणूस लावावा लागतो. पाणी धोक्याच्या खुणेला लागले की गाडी थांबवायची. जुलै 2023 मध्ये काय झाले ते आपण पाहिलेच. अंबाला-चंडीगढ मार्गावरच्या गाड्या बंद ठेवाव्या लागल्या, आणि कालका-शिमला मार्ग तर कितीतरी दिवस बंद राहिला. पाणी ओसरल्यावर मोरीत जे उरते ते साफ करता करता माझ्या मनात पहिल्यांदा प्रश्न आला की एवढी माती येते कुठून? आपण खाली फावडे मारत बसतो, पण वर काय चालले आहे?

हाच प्रश्न चंडीगढला सत्तरीच्या दशकात पडला होता. ल कॉर्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांनी 1958 मध्ये सुखना चोवर बांध घालून हा तलाव केला. शहर नवे, तलाव नवा, सगळी कौतुकाची गोष्ट. पण पहिल्या पंधरा-सोळा वर्षांतच तलावाची निम्म्याहून अधिक साठवणक्षमता गाळाने खाल्ली. गाळ काढायला सरकार पैसे ओतत होते, आणि पुढच्या पावसात वरून पुन्हा तेवढाच येत होता. तेव्हा देहरादूनच्या केंद्रीय मृदा व जलसंधारण संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या चंडीगढ केंद्राकडे हे काम गेले. केंद्रातले शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा गाळाचा माग काढत डोंगरात गेले आणि सुखोमाजरी नावाच्या गावाशी पोचले. हे गाव पिंजोर-सूरजपूरच्या बाजूला. आज पंचकुला जिल्ह्यात आहे, तेव्हा अंबाला जिल्ह्यात होते. जेमतेम साठ घरे, बहुतेक गुर्जर समाजाची. थोडी कोरडवाहू जमीन, आणि बाकी पोट शेळ्या-गुरांवर. डोंगर वनखात्याचा, पण चराई सगळ्यांची. त्यामुळे डोंगरावर झाड म्हणून काही उरले नव्हते. 1976 साली तिथे हेक्टरी 13 झाडे होती अशी नोंद आहे. आपल्या घराभोवती यापेक्षा जास्त असतील!

आता इथे जरा थांबून विचार करा. शहरातला अधिकारी गावात येतो आणि म्हणतो, शेळ्या चारू नका, आमचा तलाव गाळाने भरतो. गावाने काय म्हणावे? तुमच्या बोटिंगसाठी आम्ही शेळ्या विकायच्या? मी त्या गावचा असतो तर हेच म्हटले असते, आणि जरा कडक शब्दांत म्हटले असते. सुरुवातीला संस्थेने डोंगरउतारावर चर खणले, झाडे लावली, पण जनावरे आत जाऊ लागली की हे सगळे वाया जाणार हे उघड होते. पहारेकरी किती ठेवणार? तारेचे कुंपण किती घालणार? रेल्वेच्या हद्दीलाही कुंपण असते. लोकांना पलीकडे जायचे असले की त्यात वाट पडतेच.

मग 1976 मध्ये गावाच्या वरच्या अंगाला एक मातीचा बांध घातला गेला. त्यामागचा पहिला हेतू साधा होता. एक घळ गावाच्या शेतात घुसत चालली होती, ती थांबवायची आणि गाळ तिथेच अडवायचा. पण बांधामागे पावसाचे पाणी साठले आणि गावकऱ्यांचे डोळे तिकडे लागले. इथला पाऊस वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या पुरंदर-बारामतीच्या मानाने चैनच. पण सगळा दोन-तीन महिन्यांत पडून खाली वाहून जातो, आणि रब्बीच्या गव्हाला हिवाळ्यात एक-दोन पाणी मिळाले नाही की पीक बुडते. बांधातले पाणी उताराने, जमिनीखालच्या पाइपातून शेतात सोडता येते हे दिसले आणि गहू वाचू लागला. पंपही नको की डिझेलही नको. सिव्हिलच्या माणसाला हे फार आवडते, खोटे कशाला बोलू!

इथपर्यंतची गोष्ट सरकारी पुस्तिकेत शोभेल अशी आहे. खरी भानगड पुढे सुरू झाली. पाणी मिळाले ते बांधाच्या खाली ज्यांची शेते होती त्यांना. ज्यांची शेते दुसरीकडे, किंवा ज्यांना शेतच नाही, त्यांना काय? त्यांच्या शेळ्या डोंगरावर जातच राहिल्या. त्यांनी का थांबावे? आणि शेळ्या गेल्या की माती सुटणार, माती सुटली की बांध भरणार, बांध भरला की ज्यांना पाणी मिळत होते त्यांचेही जाणार. म्हणजे गावातल्या सर्वांत गरीब माणसाच्या हातात गावातल्या सर्वांत सधन माणसाच्या गव्हाची किल्ली होती. हे गावाच्या लक्षात आले, आणि मिश्रांच्याही.

त्यावर जो तोडगा निघाला तो मला आजही थक्क करतो. पाणी जमिनीप्रमाणे न वाटता घराप्रमाणे वाटायचे ठरले. प्रत्येक घराचा वाटा सारखा. जमीन असो वा नसो. ज्याला जमीन नाही त्याने आपला पाण्याचा वाटा दुसऱ्याला विकावा, किंवा त्याच्या शेतात पाणी देऊन पिकात हिस्सा घ्यावा. त्याच्या बदल्यात प्रत्येक घराने डोंगरावरची मोकाट चराई थांबवायची. याला नाव पडले ‘सामाजिक कुंपण’. या कुंपणाला तार नव्हती. ज्याचे पाणी त्या डोंगरावर अवलंबून तोच पहारेकरी, म्हणजे सगळे गावच. शेजाऱ्याची शेळी वर दिसली की तिचा मालक संध्याकाळी चार लोकांसमोर उभा. पुढे गावाची रीतसर सोसायटी झाली. तासाप्रमाणे पाण्याची पट्टी घ्यायची, बांधाची दुरुस्ती करायची, नियम मोडणाऱ्याला दंड करायचा, ही तिची कामे.

आणि गवत. डोंगरावर चराई थांबली तसे भाबर गवत वाढले. भाबर म्हणजे दोर वळायला आणि कागद गिरण्यांना लागणारे गवत. पूर्वी वनखाते त्याचा लिलाव करी आणि ठेकेदार ते घेऊन जाई. गाव राखण करणार आणि माल ठेकेदार नेणार, हे कसे चालावे? शेवटी वनखात्याने ठेकेदाराऐवजी सोसायटीलाच गवताचा ठेका द्यायला सुरुवात केली. चाऱ्याचे गवत घरामागे ठरावीक फी भरून कापायचे, भाबर विकून आलेला पैसा सोसायटीत. शेळ्या कमी झाल्या, म्हशी वाढल्या, दूध विकले जाऊ लागले. 1992 पर्यंत डोंगरावरची झाडे हेक्टरी 13 वरून 1,272 वर गेली, आणि सुखन्यात येणारा गाळ नव्वद टक्क्यांच्या आसपास घटला, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. निसर्ग सुधारून मिळवलेल्या उत्पन्नावर आयकर लागलेले हे देशातले पहिले गाव, असेही लिहिले गेले. आता आयकराची नोटीस हा सन्मान की शिक्षा, हे आपल्यातल्या अकाउंट्सवाल्यांनी सांगावे!

नाडा, बुंगा अशा शिवालिकच्या इतर गावांतही मग असेच बांध झाले. केंद्र सरकारने 1 जून 1990 रोजी सर्व राज्यांना परिपत्रक काढून, जंगल राखण्यात गावाला भागीदार करा आणि उत्पन्नात वाटा द्या, असे कळवले. त्यामागे बंगालमधल्या अराबारीबरोबर सुखोमाजरीचाही अनुभव होता.

एक गंमत बघा. आपल्या या शहरात पंजाब आणि हरियाणा अशा दोन राज्यांचे सचिवालय एकाच इमारतीत आहे. ही दोन राज्ये सतलज-यमुना जोड कालव्यावरून किती वर्षे भांडत आहेत? 1982 साली कपूरी गावी कालव्याचे काम सुरू झाले. एकूण 214 किलोमीटर, पैकी 122 पंजाबात. हरियाणाचा भाग झाला, पंजाबचा अडला. गोळ्या चालल्या, अभियंते मारले गेले, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल झाले, तरी त्या कालव्यातून ठरलेले पाणी आलेले नाही. एका छपराखाली बसणाऱ्यांना जे जमले नाही ते साठ घरांना जमले. अर्थात ही तुलना पूर्ण न्यायाची नाही. साठ घरांत सगळे एकमेकांना ओळखतात, कोणाची म्हैस किती दूध देते हेही माहीत असते. राज्यांचे तसे नसते. पण मला त्यातून एवढे कळते की वाटणी करणाऱ्याला दुसऱ्याचे घर दिसले पाहिजे.

1968 मध्ये गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक गाजलेला लेख लिहिला होता. सामायिक कुरण असले की प्रत्येक जण आपली जनावरे वाढवणार आणि शेवटी कुरण उजाड होणार, असे त्याचे म्हणणे. त्यावर उपाय दोनच, सरकारी अंमल किंवा खाजगी मालकी. पुढे इलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जगभरची उदाहरणे गोळा करून दाखवले की लोक स्वतः नियम करून अशी संपत्ती पिढ्यान् पिढ्या राखतात. त्यांना 2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याला त्यात नवल वाटू नये. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षे चालली. बंधाऱ्याचे पाणी, फडाफडाने पीक, आणि पाणी वाटायला पाटकरी, जागले, हवालदार. कोणी किती पाणी घ्यायचे हे शेतकऱ्याने ठरवायचे नाही, पाटकऱ्याने द्यायचे.

आता थोडे घरचे सांगतो. मी पुरंदर तालुक्यातला, सासवडच्या पुढचा. आमच्याकडे विलासराव साळुंखे हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. पुण्याचे कारखानदार इंजिनिअर. 1972 च्या दुष्काळात पुरंदरची दशा पाहून अस्वस्थ झाले आणि नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन भाड्याने घेऊन तिथे पाणी अडवून दाखवले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम असे : योजना एकट्याची नाही, गटाची. पाणी जमिनीवर नाही, माणसावर. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. तिकडे शिवालिकमध्ये मिश्रा आणि इकडे पुरंदरात साळुंखे, साधारण एकाच दशकात दोघेही भूमिहीनाच्या वाट्यापाशी येऊन पोचले, हे मला इथे बदली होऊन आल्यावर कळले.

आमचे घर अशा एका गटात होते. जमीन सात एकर, माणसे सहा. पाणी मिळाले अडीच एकराला. शेजारच्या घरात माणसे पाच, जमीन शून्य, त्यांनाही तेवढेच. आजोबा मरेपर्यंत कुरकुरत होते, “रान आमचं आन् पानी पोरं मोजून? ह्यो कुठला न्याय?” पण गटाच्या सभेला सर्वांत आधी तेच जाऊन बसत, आणि पाटकऱ्याने दुसऱ्याला पाव तास जास्त दिला की सर्वांत आधी तेच ओरडत. शेजारच्यांनी आमच्याच पडीक रानात वाट्याने ज्वारी-कांदा केला. त्या घरातली दोन मुले माझ्याबरोबर शाळेत होती. ती पुण्याला हमालीला गेली नाहीत, एवढे मला माहीत आहे.

पण आज? मार्चमध्ये धाकट्या भावाचा फोन आला. चुलत्यांनी आमच्या विहिरीपासून पन्नास पावलांवर बोअर मारली, विहीर तळाला गेली. “दादा, दीड लाख पाठव, आपण त्यांच्यापेक्षा खोल मारू.” गटाचा पंप केव्हाच बंद, पाइपलाइन जागोजागी फुटलेली. ज्याच्या खिशात पैसा त्याची बोअर खोल. मी त्याला म्हटले, पैसे देतो, पण बोअरला नाही. गटाची लाइन दुरुस्त करायला लागले तर माझा हिस्सा सर्वांत आधी. तो म्हणाला, “तू तिकडं पगारावर बसलायस, तुला काय जातंय सांगायला!” त्याचे म्हणणे खोटे नाही. माझे पोट त्या विहिरीवर नाही. म्हणून मी उपदेश थांबवला आणि मे महिन्यात रजा काढून गेलो. अकरा घरे गटात होती, सगळ्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. चार घरे तयार आहेत. तीन म्हणतात बघू. चुलते म्हणतात, आधी तुमचा भाऊ बोअर मारणार नाही असे लिहून द्या. भाऊ म्हणतो, आधी त्यांनी आपली बंद करावी. दिवाळीनंतर पुन्हा बैठक आहे. तोवर दीड लाख माझ्याकडे आणि भावाचा राग माझ्यावर, अशी स्थिती आहे. घरी सौभाग्यवतींचे मत असे की दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळता येणार नाहीत!

सुखोमाजरीचेही पुढे सगळे गोडच झाले असे समजू नका. धामला हे शेजारचे गाव. गवत आणि डोंगराच्या हद्दीवरून दोघांत कुरबुरी झाल्या. वाढलेल्या झाडांवर गावाचा हक्क किती, हा प्रश्न गाव आणि वनखाते यांच्यात लोंबकळत राहिला. बांधांत गाळ साठला. पोरे पिंजोर, परवाणू, बद्दीच्या कारखान्यांत आणि पंचकुल्यात नोकरीला लागली. ज्याचे पोट डोंगरावर उरले नाही तो सामाजिक कुंपणाचा पहारा कशाला करील? सोसायटी ढिली पडत गेली. मी याला त्या प्रयोगाचे अपयश म्हणायला तयार नाही. पूल बांधला की दर वर्षी तपासणी लागते, बेअरिंगला ग्रीस लागते. तपासणी बंद करून पूल खचला तर दोष डिझाइनचा म्हणत नाहीत.

तलावाचे म्हणाल तर त्याचे दुखणे बदलले. 2012 साली सुखना इतका आटला की तळाची भेगाळलेली माती दिसू लागली. एकेकाळी गाळ अडवायला वरच्या डोंगरात जे बंधारे बांधले, ते आता पाणीही अडवतात, हेही तज्ज्ञांनी एक कारण म्हणून सांगितले. म्हणजे वरच्या गावाला पाणी दिले तर खालच्या तलावाला कमी, असा नवा हिशेब उभा राहिला. 2020 च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने सुखन्याला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला, त्याच्या पाणलोटात बांधकामांना मनाई केली. न्यायालयाने केले ते चांगलेच. पण त्या पाणलोटात माणसेही राहतात. त्यांच्याबरोबर बसून, तलावाला किती आणि तुम्हाला किती, हे घरे मोजून ठरवण्याचे काम कोर्टाच्या हुकुमाने होत नाही. मिश्रांनी एकदा गावात बसून केले होते तसेच ते करावे लागेल, आणि यावेळी बैठकीत शहराकडून कोणीतरी बसायला हवे. पाण्याचा एक वाटेकरी आपणही आहोत.

या विषयावर बोलून मी खाली बसलो असतो तर समितीने मला चहा पाजून सोडले असते. पण अध्यक्षांनी भाषणाआधीच माझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली आहे. विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी सुखोमाजरीला जायचे. बांध पाहायचे, तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचे, हिंदी ज्यांची बरी आहे त्यांनी पुढे व्हायचे. तासाभराचा रस्ता आहे. पायात बूट हवेत, चो ओलांडावा लागतो. मुलांना जरूर आणा. नावे उत्सव समितीकडे द्या, आणि डबा ज्याचा त्याने आणायचा.